रोवणीचं गाणं, शंभराचा स्टॅम्प पेपर आणि साक्षीदार म्हणून माझी सही

मागच्या पावसाळ्यात इटियाडोह भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, तेव्हा नेहमीप्रमाणे बातमी आणि फोटो करायला गेलो होतो. रविवार होता. अर्जुनी, वडसा, नवेगावबांध, पार गोंदियापर्यंतच्या गाड्या लागलेल्या. भाजलेली कणसं, भजी, पोलिसाची शिट्टी आणि पाण्याकडे पाठ करून रील काढणारी पोरं. एका घोळक्याने ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावलं होतं. कोण्या डीजेवाल्याने त्याच्याखाली ढोल घातलेला, वेग वाढवलेला. पण शब्द कानावर आले आणि मी जागीच थांबलो. रोवणीचं गाणं. ते मी २००३ मध्ये वडशाच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत ऐकलं होतं, ज्याचं आहे त्याच्याच तोंडून.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. आपण त्यांना शाहीर म्हणू. दंडारीत उभं आयुष्य गेलं. दिवाळीनंतर मंडईचा हंगाम लागला की रात्री बाहेर, बाकी वर्षभर धानाची शेती. २००३ मध्ये मी नागपुरातून पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच परतलो होतो आणि एका पेपरचा वार्ताहर म्हणून मिरवत होतो. त्या दुकानदाराचा धंदा कॅसेट विकायचा, आणि अधूनमधून तो स्वतःही कॅसेट ‘काढायचा’. शाहिरांची आठ गाणी नागपूरच्या स्टुडिओत एका दिवसात रेकॉर्ड झाली. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिखापढी. सहा हजार रुपये रोख आणि विकायला पन्नास कॅसेट. शिकलेला माणूस म्हणून साक्षीदाराच्या रकान्यात माझी सही घेतली. मी पेपर वाचला नाही. डिप्लोमाला कॉपीराइटवर एक धडा होता, तो परीक्षेपुरता. उलट दुसऱ्या दिवशी ‘झाडीपट्टीच्या कलावंताची कॅसेट बाजारात’ अशी पाव कॉलम बातमी लावली आणि खूश झालो.

धरणावरून परतताना त्यांच्या घरी गेलो. त्यांना माहीत होतं. नातवाने दाखवलं होतं, यूट्यूबवर ते गाणं चार-पाच चॅनलवर आहे, एका ठिकाणी लाखांत व्ह्यूज. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. एवढंच विचारलं, “भाऊ, हे गानं त माजंच हाये ना? मंग याचे पैसे कोनाले भेटते?”

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला बसलो तर मागे मागे १९०२ पर्यंत जावं लागलं. म्हणून ही पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात गाणारं, वाजवणारं, लिहिणारं कोणी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा माणूस यंत्र घेऊन कलकत्त्यात उतरला. तिथे गौहरजानचं गाणं रेकॉर्ड झालं. गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. लोकांना तो तोरा वाटतो. कारण साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला काय कळणार कोण गातंय? नाव ऐकायचं आणि लेबलवर लिहायचं, अशी सोय. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. ही नावाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

त्या काळापासून व्यवहार बहुतेकदा एकरकमी. गा, पैसे घे, घरी जा. तबकडी किती विकली हे गाणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. मोठ्या नावांना पुढे विक्रीवर रॉयल्टी मिळू लागली, पण ती मोठ्या नावांना. आपल्या विदर्भातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली आणि ती तबकडी घराघरांत वाजली. पुढे जोशी स्वतःच एचएमव्हीत अधिकारी झाले. म्हणजे मेहकरातून निघालेले शब्द कंपनीमार्फत गावोगाव जाऊ शकत होते. शब्द, चाल, आवाज आणि तबकडी या चार वेगवेगळ्या मालमत्ता आहेत, हे मात्र वाजवणाऱ्या-ऐकणाऱ्या कोणाच्या ध्यानात नसायचं.

साठच्या दशकात हा प्रश्न थेट लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात आला. लताबाईंचं म्हणणं, रेकॉर्ड विकल्या जातात तोवर गाणाऱ्याला वाटा मिळाला पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, गाण्याचे पैसे घेतले, आपला हिशेब संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेब माणूस म्हणून देवमाणूस, पण या भांडणात लताबाई बरोबर होत्या असं माझं मत. आमच्या भागातले नव्याण्णव टक्के कलावंत आजही रफीसाहेबांच्याच बाजूचे आहेत, फक्त त्यांना तेवढे पैसे मिळालेले नसतात.

गीतकार-संगीतकारांनी १९६९ मध्ये मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, काढली. पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सिनेमासाठी निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचा. त्यानंतर पस्तीस वर्षं ‘सर्व हक्क कंपनीकडे’ हेच चालत राहिलं.

मग कॅसेट आली. आमच्या पिढीला सांगायला नको. ऐंशीच्या दशकात एचएमव्हीची मक्तेदारी कॅसेटने मोडली. रेकॉर्ड छापायला कारखाना लागायचा, कॅसेट उतरवायला एक खोली पुरायची. म्हणूनच प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज वस्त्यावस्त्यांत गेला, भीमगीतं खेडोपाडी पोचली, आणि वडशासारख्या ठिकाणी दुकानदारही कंपनी झाला. गाणं पसरलं खूप. पैसा मात्र ज्याच्या नावावर माल निघाला त्याच्याकडेच थांबला. त्यात नकली कॅसेटचा सुळसुळाट, त्यामुळे दुकानदारही म्हणायला मोकळा, “मलाच काही सुटलं नाही तर तुम्हाला काय देऊ?” खरंही असेल ते.

कॅसेट गेली, एमपीथ्रीची सीडी आली, एका सीडीत दीडशे गाणी. मग मोबाईल दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं, वीस-तीस रुपयांत. शाहिरांचं गाणं अशा किती कार्डात गेलं असेल याचा हिशेब कोणाकडेच नाही. त्याच काळात कॉलर ट्यून होती. तिचे महिन्याला पैसे कापले जायचे हे आठवत असेल. तो पैसा खरा होता आणि मोठा होता, पण त्यातला बराचसा टेलिफोन कंपनीकडे, उरलेला म्युझिक कंपनीकडे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गाणं ‘घेणं’ हा प्रकारच संपला. आता लोक ऐकतात, विकत घेत नाहीत.

आता शाहिरांचा प्रश्न. पैसे कोणाला मिळतात?

स्पॉटिफाय, जिओसावनसारख्या ॲपवर गाण्याला ठरलेला भाव नसतो. वर्गणी आणि जाहिरातीचा पैसा एका ठिकाणी गोळा होतो. ॲप आपला हिस्सा ठेवतं, साधारण तीसेक टक्के समजा, आणि उरलेला पैसा एकूण जितक्या वेळा गाणी वाजली त्या प्रमाणात हक्कदारांत वाटला जातो. इटियाडोहच्या कालव्यासारखं आहे हे. पाणी किती सुटलं आणि आपल्या वावराचा त्यात किती हिस्सा, यावर सगळं. आणि आपण टेलवरचे. भारतात बहुतेक लोक फुकट ऐकतात, त्यामुळे एकदा वाजण्याचे पैसे हे खरोखर पैशांतच असतात, रुपयात नाही. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम, एखादं गाणं बारा महिन्यांत किमान १,००० वेळा वाजलं नाही तर त्याच्या रेकॉर्डिंगचा वाटा काढलाच जात नाही.

ॲपवाले तुमच्या-माझ्याकडून थेट गाणं घेत नाहीत. मध्ये वितरक लागतो. १९९८ मध्ये अमेरिकेत एका संगीतकाराने सीडी बेबी काढली, नंतर ट्यूनकोर आली, डिस्ट्रोकिड आली. आपल्याकडेही आता बरेच आहेत. कोणी वर्षाची फी घेतो आणि आलेले पैसे पूर्ण देतो, कोणी फी न घेता टक्का कापतो. यात वाईट काही नाही, फक्त कोणता प्रकार आहे ते आधी विचारायचं. फी भरणं बंद केलं तर गाणं ॲपवरून उतरतं का, हेही विचारायचं. वितरक आणि कंपनी यात फरक आहे. वितरक माल पोचवतो, हक्क तुमचाच राहतो. कंपनी हक्क मागते. आमच्या भागात चॅनल चालवणारी पोरं ‘आम्ही तुमचं गाणं टाकून देतो’ म्हणतात, तेव्हा ती दोन्हीपैकी काय आहेत हे कोणीच विचारत नाही. बऱ्याचदा त्यांनाही माहीत नसतं.

प्रत्येक रेकॉर्डिंगला एक बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. आपल्या गाडीच्या नंबर प्लेटसारखा. जगात कुठेही ते रेकॉर्डिंग वाजलं की त्या क्रमांकावर नोंद होते. त्या क्रमांकापुढे मालक म्हणून ज्याचं नाव, त्याच्या खात्यात पैसे. आवाज कोणाचा हे यंत्र विचारत नाही.

इथे गौहरजान आठवते. तिने रेकॉर्डमध्येच नाव सांगून ठेवलं. आपले लोक एका गाण्यावर ‘शाहीर अमुक’, दुसऱ्यावर ‘अमुक अँड पार्टी’, तिसऱ्यावर इंग्रजीत वेगळंच स्पेलिंग असं टाकतात, आणि ॲपवर एका माणसाचे तीन कलावंत होतात. ऐकणारे तिघांत वाटले जातात. गीतकाराचा रकाना तर बहुतेक जण रिकामाच सोडतात. शब्द आणि चालीचे पैसे वितरकाकडून नाही, आयपीआरएसकडून येतात, आणि सभासद नसाल, गाणं नोंदवलेलं नसेल तर येणार कुठून?

यूट्यूबचं दोन प्रकारचं आहे. स्वतःच्या चॅनलवर जाहिरातीचे पैसे हवे तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं लागतं. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनलवाल्याला. दुसरा प्रकार फार कमी लोकांना माहीत आहे. दुसऱ्याने तुमचं रेकॉर्डिंग वापरलं तर यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा ते ओळखते आणि पैसे हक्कदाराकडे वळवता येतात. ते वितरकामार्फत होतं, तुमच्याकडे एकही सबस्क्रायबर नसला तरी. लग्नाच्या व्हिडिओत वाजलेल्या गाण्याचेही पैसे येतात ते यातूनच.

हे जमतं का कोणाला? जमतं. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ च्या फेब्रुवारीत आलं. सिनेमातलं नाही. मराठीतलं हे गाणं देशभर वाजलं. पण एक संजू राठोड दाखवून हजार पोरांना स्वप्न विकणारेही खूप झालेत. ‘पाचशे रुपयांत दहा हजार व्ह्यूज’ देणाऱ्यांच्या नादी लागू नका. नकली स्ट्रीम सापडले तर स्पॉटिफाय वितरकाकडून दंड घेतं, आणि वितरक गाणं काढून टाकतो, खातंही बंद करतो.

आता तो स्टॅम्प पेपर. शाहिरांनी तो पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या कागदांत ठेवला होता. वीस वर्षांनी मी पहिल्यांदा वाचला. माझी सही ओळखू आली नाही आधी. मजकूर सहा ओळींचा. ‘सदर आठ गाण्यांचे सर्व हक्क रोख रकमेत विकत दिले असे.’ मुदत किती? काही लिहिलेलं नाही. कॅसेटशिवाय दुसरं माध्यम? काही नाही. गोंदियाच्या एका वकील मित्राकडे गेलो. त्याने कॉपीराइट कायदा काढला, १९५७ चा. त्यातल्या कलम १९ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने एक गोष्ट आली, ती लागू झाली मे १९९५ पासून. हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची.

पाच वर्षं! म्हणजे २००८. वकील म्हणाला, समोरचा कोर्टात वाद घालेल, लगेच उड्या मारू नको. शिवाय ते रेकॉर्डिंग दुकानदाराने पैसे लावून केलेलं, त्या रेकॉर्डिंगचा मालक तोच, आणि तो हक्क साठ वर्षं चालतो. पण शब्द आणि चाल ही शाहिरांची आहे, ती त्यांच्याकडे परत आली असं म्हणायला चांगली जागा आहे. म्हणजे जुनं रेकॉर्डिंग वाजवायलासुद्धा शब्द-चालीची परवानगी शाहिरांकडून लागते.

२०१२ ची दुरुस्ती आणखी मोठी. तीत जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते ते अनेकांना आठवत असेल. २१ जून २०१२ पासून लागू. तिच्यानुसार, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नाही त्याचा हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, जात नाही. आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा विकताच येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. पेपरवर ‘सर्व हक्क’ लिहून घेतलं तरी. गाणाऱ्याचाही स्वतंत्र हक्क कायद्यात १९९४ पासून आहे, आता तो पन्नास वर्षांचा आहे. २००३ चा पेपर या नव्या दुरुस्तीत पूर्ण बसत नाही, वकिलाने तसं स्पष्ट सांगितलं. पण २०१२ नंतर आमच्या भागात जेवढे पेपर झाले, त्यांना ती लागू आहे. आणि असे पेपर किती झाले असतील! २०२० च्या मार्चपासून झाडीपट्टीची नाटकं बंद पडली, नाईट मिळेना, तेव्हा वडशापासून इकडे कित्येक गायकांनी, नाटकाच्या कवींनी दोन-तीन हजारांत चॅनलवाल्यांना गाणी दिली. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीने फटाके फोडले, मीही बातमी रंगवून लिहिली. त्या रंगभूमीवरची गाणी कोणाच्या नावावर चढली आहेत हे तेव्हाही विचारलं नाही.

दुकान कधीच बंद पडलंय. मालक वारले. मुलाने जुन्या कॅसेटचा सगळा साठा एका एजंटाला देऊन टाकला होता, त्याच्याकडेही कागद नाहीत. पोरगा वाईट नाही, चहा पाजला. त्याला पत्र दिलं आहे, बोलणं चालू आहे.

तोवर दुसरा रस्ता धरला. शब्द-चाल आपली, तर पुन्हा गायचं. शाहिरांचा आवाज आता तसा नाही, थोडा फाटतो. मला तो जास्त आवडला. ढोलकी, टाळ, झील धरायला दोघं, सगळं खरं वाजवलेलं. यूट्यूबवरून उतरवलेला तयार ट्रॅक वापरायचा नाही हे ठरवलं होतं, कारण ट्रॅक दुसऱ्याचा असला की पहिल्याच दिवशी कॉपीराइटचा दावा येतो. लोकगीतातही तोच धोका. पारंपरिक चाल कोणाच्या मालकीची नाही, पण एखाद्या कंपनीने तीच चाल रेकॉर्ड केलेली असेल तर यंत्रणा गोंधळते आणि तुमच्यावर दावा लावते. तेव्हा तक्रार करायची, घाबरायचं नाही.

वितरकाचं खातं नातवाच्या नावे नाही, शाहिरांच्या नावे काढलं. पॅन, बँक पासबुक, आणि अमेरिकेच्या टॅक्सचा एक फॉर्म. तो फॉर्म यूट्यूबलाही द्यावा लागतो. भरला नाही तर जगभरातल्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात, त्यामुळे कंटाळा करू नका. चॅनलच्या पैशासाठी गूगल पत्ता तपासतं, म्हणजे खात्यात दहा डॉलर झाले की पिन नंबर साध्या टपालाने पाठवतं. आमच्याकडे पोस्टमन आठवड्यातून कितीदा येतो ते तुम्हाला माहीत आहे. पहिला पिन आलाच नाही, दुसरा मागवला.

आठ महिन्यांत वितरकाकडून आले १,१४० रुपये. हो, एवढेच. हिशेब दोन-तीन महिने उशिरा येतो, चॅनलचे शंभर डॉलर व्हायचे आहेत. मी शाहिरांना ओशाळूनच आकडा सांगितला. ते म्हणाले, “सहा हजार त एकदाच भेटले होते, भाऊ. हे अजून येतेत ना?” येतील. हयातीत येतील, आणि त्यांच्या पश्चात शब्द-चालीचा हक्क साठ वर्षं घरच्यांकडे राहील.

फॉर्म भरताना एका जागी अडलो. गीतकार या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहू दिलं नाही. पहिलं कडवं मायचं, म्हणाले, बांधीत रोवताना ती म्हणायची, मी पुढचं जोडलं. मायला सगळे ‘बुढी’च म्हणायचे. खरं नाव पाहायला जुनं रेशन कार्ड शोधावं लागलं. आता तिथे दोन नावं आहेत, आधी तिचं.

ज्यांच्याकडे असे जुने-नवे स्टॅम्प पेपर आहेत त्यांनी फोटो पाठवू नका, झेरॉक्स घेऊन प्रत्यक्ष या. वकील मित्राने फुकट वाचून द्यायचं कबूल केलंय. आणि कोणी साक्षीदार म्हणून सही मागितली तर मला बोलवा, या वेळी वाचून करतो.